पॅन्क्रियास जाऊ दे, स्वादुपिंड नको

भुरकेसाहेबांचं आडनाव भुरके नव्हतं. चहाच्या कंपनीत, चव पाहण्याच्या खोलीत, ते चमच्यातून घोट असा काही ओढत की बाहेर जिन्यात उभ्या असलेल्या माणसाला पाण्याचा पंप सुरू झाल्यासारखं वाटे. त्या भुरक्याचं पुढे आडनाव झालं आणि मालकांपासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना त्याच नावाने ओळखू लागले. खरं आडनाव आता फक्त दवाखान्याच्या कागदांवर उरलं होतं, आणि तिथे कोणी ते पुकारलं की साहेब शेजारच्या माणसाकडे बघत.

काम पाहायला सोपं. लांब टेबलावर पांढऱ्या कपांची रांग, प्रत्येक कपामागे झाकणावर काढून ठेवलेली भिजकी पत्ती, खिडकीतून सरळ पडणारा उजेड. साहेब एका टोकाने सुरू करत. भुरका, क्षणभर मिटलेले डोळे, आणि चाकांवरच्या उंच पिकदाणीत नेमकी पिंक. पुढचा कप. बाकीचं जग गिळून पोट भरतं. साहेबांनी थुंकून भरलं. थुंकूनच घर बांधलं, मुलाला शिकवलं, आणि इतकं थुंकूनही कुणी नाक मुरडलं नाही, उलट त्यांचं मत टिपायला लोक वही उघडून बाजूला उभे राहत.

या जिभेची बडदास्त घरच्यांनी ठेवायची. घरात अत्तर बंद, लसूण बेताने, आणि तिखट ही साहेब कामावर गेल्यावर चोरून खायची गोष्ट. बायकोने एकदा सुवासिक साबण आणला होता. साहेबांनी तो दाराबाहेरूनच ओळखला आणि शेजाऱ्यांना देऊन टाकायला लावला. शेजारी त्या साबणाची सारखी आठवण काढत, कारण त्यानंतर बरंच काही त्यांच्याकडे येत राहिलं.

तर अशा माणसाची पाठ दुखू लागली. पाठीचा फोटो काढला, तेव्हा पाठ निर्दोष सुटली, पण तिच्या पुढ्यात गुपचूप बसलेला दुसराच आरोपी सापडला. पॅन्क्रियासमध्ये एक गाठ होती.

सर्जन म्हणजे साहेबांच्या मुलीच्या वयाची बाई. साहेबांना मुलगी नव्हती, तरी तिच्याकडे बघून त्यांना तसं वाटलं. सोबत बायको होती आणि साडू होते. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, आणि कुठलीही गोष्ट शंभरात किती हे कळल्याशिवाय तिचं सुखदुःख न मानणारे.

डॉक्टरांनी कागदावर आडव्या माशासारखं काहीतरी काढलं. "हा पॅन्क्रियास. हे डोकं, हे धड, हे शेपूट. तुमची गाठ शेपटात आहे, त्या मानाने बरी जागा. अजून बिघडलेली नाही, पण बिघडणाऱ्या जातीची दिसतेय. शेपटासकट काढून टाकू."

"यांना शेपूट आहे हे मला यांच्या लग्नातच कळलं होतं," साडू म्हणाले. "नक्की कुठे आहे ते आज कळलं."

"साडूबुवा, तुम्ही बाहेर बसा," साहेब म्हणाले.

"बसतो. आधी एक सांगा डॉक्टर, शंभरात दगावतात किती?"

"भाऊजी!" बायको ओरडली.

"विचारू द्या त्यांना," डॉक्टर म्हणाल्या. "जिथे ही ऑपरेशनं नेहमी होतात, तिथे शंभरात एखादा, फार तर दोन. डोक्याकडचा भाग काढायचा असता तर काम मोठं आणि धोकाही मोठा."

"आणि इथे नेहमी होतात?"

"आठवड्याला एखादं तरी होतंच. हे विचारलंत ते बरं केलंत. खरं म्हणजे सगळ्यांनी विचारायला हवं, पण लोक फक्त खोलीत टीव्ही आहे का ते विचारतात."

साडूंची छाती अशी फुगली की त्यांचाही फोटो काढावा लागतो की काय, असं वाटलं. डॉक्टर पुढे सांगत गेल्या. दुर्बिणीतून करू, त्यामुळे मोठी चीर नको. प्लीहा अगदी शेजारी असते, ती वाचवायचा प्रयत्न करू, पण नाही जमलं तर तीही काढावी लागेल. म्हणून लसी आधीच टोचून घ्या. पुढे साखर वाढू शकते, लक्ष ठेवावं लागेल. खरी कटकट गळतीची. कापलेल्या टोकातून पाचक रस झिरपतो. चार-पाच जणांत एकाला हे होतं. त्यासाठी पोटात नळी ठेवतो, बहुतेकांचं आपसूक थांबतं, काहींना पुन्हा उपचार लागतात.

"काढून टाका," साहेब म्हणाले.

बायको बघतच राहिली. दाढ काढायची तर ज्यांनी वर्षभर दंतवैद्याला हुलकावणी दिली, ते हेच गृहस्थ. पण साहेबांचं म्हणणं सरळ होतं. पॅन्क्रियास म्हणजे कोण? कधी ओळख नाही, देख नाही. परक्या नावाचा कुणीतरी पोटात राहत होता. त्याच्यातलं थोडं गेलं तर रडायचं कशाला?

निघताना डॉक्टरांनी यंत्रातला चहा मागवला. स्वतः मोठा घोट घेतला आणि म्हणाल्या, "इथला चहा मस्त असतो हं." साहेबांनी कप नाकापर्यंत नेला आणि न पिताच खाली ठेवला. पण त्या क्षणी त्यांच्या मनात या बाईंच्या नावापुढे एक खूण झाली.

घोटाळा घरी आल्यावर झाला. दवाखान्याने माहितीची एक पुस्तिका दिली होती. सुनेने ती काढून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मुलगा परगावी नोकरीला होता आणि रोज फोनवर 'बाबांना सगळं नीट समजावून सांग' असं बजावत होता, म्हणून ती बिचारी शब्दन् शब्द वाचत होती.

"स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतर..."

"कशाच्या?"

"स्वादुपिंडाच्या."

"ते कशाला वाचतेस? आपलं पॅन्क्रियासचं आहे."

"बाबा, पॅन्क्रियास म्हणजेच स्वादुपिंड. मराठीत."

साहेब खुर्चीतून उठले. पुन्हा बसले. मग हात पुढे करून पुस्तिका घेतली आणि तो शब्द बोटाखाली धरून बराच वेळ पाहिला.

"स्वादाचं पिंड," ते म्हणाले. "आणि हे मला कोणी सांगितलं नाही!"

"अहो, नाव आहे ते," बायको म्हणाली. "नावावर काय जाताय?"

"मूत्रपिंडातून काय येतं?"

सुनेने सासूकडे पाहिलं.

"सांगा ना. मूत्रपिंडातून काय येतं?"

"बाबा..." सून म्हणाली.

"मग स्वादुपिंडातून काय येणार?"

संध्याकाळी साडू आले. त्यांनी 'मग नेत्रपिंड कुठे असतं?' असा उलटा डाव टाकून पाहिला. साहेब म्हणाले, डोळे दिसतात, त्यांना पिंडाची गरज नाही. चव दिसत नाही, म्हणून ती आत ठेवली आहे. साडूंना हे पटलं नाही, पण खोडूनही काढता येईना. ते नुसतेच म्हणाले, "शंभरात किती लोकांची चव जाते, ते पुस्तिकेत दिलेलं नाही."

"बघा!" साहेब म्हणाले. "लपवलंय!"

बायकोने डोळे असे वटारले की साडू रुमाल काढून चष्मा पुसू लागले.

दुसऱ्या दिवशी सुनेने डॉक्टरांना फोन लावून साहेबांच्या हातात दिला. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या की या अवयवाचा जिभेच्या चवीशी काहीएक संबंध नाही. तो पचनाचा रस बनवतो आणि साखर सांभाळतो, बाकी काही नाही. नाव कुणी का ठेवलं, ते त्यांना माहीत नव्हतं. साहेबांनी नम्रपणे आभार मानले, फोन ठेवला आणि म्हणाले, "ज्या बाईला तो चहा मस्त लागतो, तिच्याकडून मी चवीबद्दल ऐकून घ्यायचं?"

आणि ऑपरेशन नको म्हणाले.

घरातलं वातावरण पार बदललं. गाठ तिच्या जागी बसून होती, तारीख जवळ येत होती, आणि साहेब पुस्तिका उशाशी घेऊन झोपत होते. मुलाने फोनवर समजावलं, रागावला, मग गप्प झाला. मालकांनी येऊन सांगितलं की नोकरीची काळजी करू नका. ते ऐकून साहेबांची काळजी दुप्पट झाली, कारण मालक काळजी करू नका म्हणतात तेव्हा माणूस शोधायला सुरुवात झालेली असते, हे त्यांना ठाऊक होतं. जीभ गेली तर ते कोण? पेन्शनीतला एक मनुष्य, ज्याला चार लोक भुरके म्हणतात आणि का म्हणतात ते पाचव्याला सांगता येत नाही.

शेवटी बायको समोर येऊन बसली. हातातलं काम बाजूला ठेवून बसली, तेव्हाच साहेबांनी ओळखलं की आता काही खरं नाही.

"हे बघा. जीभ गेली तर मी तुम्हाला बेचव जेवण वाढीन आणि तुम्ही निमूट जेवाल. ते मला चालेल. पण तुम्ही गेलात तर मी कोणाला वाढू?"

"सुनेला."

"चेष्टा नको."

साहेबांनी पुस्तिका मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "बरं. करू. पण जाण्यापूर्वी जिभेची आवराआवर करायची."

ती कसली, हे तेव्हा कोणाला कळलं नाही. इतर लोक ऑपरेशनआधी मृत्युपत्र करतात. साहेबांनी निकाल लावायला घेतले. आयुष्यभर त्यांनी वाईट चहाला वाईट म्हटलं होतं, पण लोकांच्या घरचं निमूट गिळलं होतं, कारण दोन्हीकडे खरं बोलणारा माणूस फार दिवस नातेवाइकांत राहत नाही. आता जीभच जायची, तर तिच्याजवळचं सगळं देऊन टाकावं, असं त्यांनी ठरवलं.

पहिला नंबर सुनेच्या सूपाचा. "यात भाज्या शिजलेल्या नाहीत," साहेब म्हणाले, "बुडून मेल्या आहेत." सून हसली. तिला वाटलं, गंमत आहे. मग त्यांनी मिठापासून मिरीपर्यंत एकेका गोष्टीचं असं शवविच्छेदन केलं की तिचं हसू ओठांवरच वाळलं. त्यानंतर मोठ्या मेहुणीकडे जाऊन तिच्या केकला "भिंतीतली भेग बुजवायला उत्तम" असं प्रशस्तिपत्र दिलं. कंपनीच्या उपाहारगृहातल्या आचाऱ्याला गाठून सांगितलं की तुमच्या भातात तळघराचा वास आहे. शेजारणीच्या लोणच्याविषयी जे बोलले, ते शेजारणीने अजून कोणाला सांगितलेलं नाही, पण तेव्हापासून ती साबणाचा विषय काढत नाही. आठवडाभरात साहेबांनी असा परिसर साफ केला की ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शुभेच्छा द्यायला फक्त साडू आले. तेही एकटे.

"ती नाही आली?" बायकोने बहिणीबद्दल विचारलं.

"ती भेग बुजवतेय," साडू म्हणाले.

एकटी बायको मात्र यातून सुटली होती. तिच्या स्वयंपाकाबद्दल साहेब चकार शब्द बोलले नव्हते. आधी तिला बरं वाटलं, मग शंका आली, मग राग.

"माझा निकाल राखून ठेवलाय का?"

"तुझं काय... सवयीचं झालंय."

"म्हणजे?"

"सवयीला चव नसते," साहेब म्हणाले आणि पिशवी भरायला लागले. बायको दोन दिवस या वाक्याला उलटं-सुलटं करून पाहत होती. कुठल्या बाजूने कौतुक आहे ते तिला सापडलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या, शेपूट निघालं, गाठ अख्खी आली, प्लीहा वाचली. साडूंनी ताबडतोब विचारलं की आता शंभरात किती. डॉक्टर म्हणाल्या, "आता शंभर विसरा, हे एकच बघा."

साहेबांना शुद्ध आली तेव्हा पोटात नळी होती, नळीला पिशवी होती, आणि तोंडात गंजलेलं कुलूप ठेवल्यासारखी चव होती. पहिले दिवस काही खायचंच नव्हतं, म्हणून ते फारसं कोणाला कळलं नाही. मग पातळ सूप आलं. साहेबांनी चमचा तोंडात घातला. कुलूप. मऊ भात आला. कुलूप. शिजवलेलं सफरचंद आलं. तेही कुलूपच, फक्त किल्लीसकट.

"गेली," साहेब म्हणाले.

"अँटिबायोटिक्समुळे असं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "औषधं थांबली की परत येईल."

साहेबांनी त्यांच्याकडे क्षमाशील नजरेने पाहिलं.

गळतीही झाली. चार-पाचांतला तो एक साहेबच निघाले. फार नाही, पण नळीतून झिरपत राहिलं, तेव्हा नळीसकट घरी जायचं ठरलं. रोज पिशवीतला रस मापायचा, रंग बघायचा आणि फोनवर कळवायचा. मापायचं काम बायकोने घेतलं. रंग सांगायचं काम साहेबांनी कोणाला दिलं नाही. जीभ गेली तरी डोळे कामाचे होते.

"आज कसा आहे?" डॉक्टर फोनवर विचारत.

"कालचा कडक होता, जरा लालसर. आज दुसऱ्या पाण्याचा."

"म्हणजे फिका?"

"फिका, पण गढूळ नाही. कपाचा तळ दिसेल."

डॉक्टर म्हणाल्या की इतकं नेमकं वर्णन त्यांना आजवर कोणी केलं नव्हतं. पुढे त्याच विचारू लागल्या, "काय मग, कितव्या पाण्याचा?" साखर काबूत होती. गाठीचा अहवाल आला, बिघाड नव्हता. सगळं ठीक चाललं होतं, आणि साहेब खिडकीशी बसून रस्त्याकडे बघत होते. औषधं थांबली होती. चहाला परवानगी होती. पण घरात चहा झाला की ते तोंड फिरवत. निकालाचा लखोटा आला आहे आणि तो फोडायचा नाही, असा त्यांचा एकंदर चेहरा.

जीभ गेल्याची बातमी पसरली तसे नातेवाईक मात्र परत येऊ लागले. ज्याला कळतच नाही, त्याच्यावर रागवायचं कसं? शेजारीण आली. आचाऱ्याने फळं पाठवली. मोठी मेहुणी तर नवा केक घेऊन आली आणि "आता काय, काहीही चालेल यांना" असं म्हणत स्वतःच्या हाताने भरवून गेली. साहेबांनी तो खाल्ला आणि म्हणाले, "छान आहे."

मेहुणी आनंदाने गेली. पण घरातल्यांच्या अंगावर काटा आला.

सोमवारी सुनेने सूप केलं. साहेबांनी सगळं संपवलं, वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "छान होतं हं."

सून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून रडायला लागली. बायको मागोमाग आली.

"काय झालं?"

"बाबा छान म्हणाले!"

बायकोच्याही डोळ्यांना पदर लागला. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने हा शब्द त्यांच्या तोंडून चहाच्या एखाद्याच मळ्याबद्दल ऐकला होता, आणि तोही मळा पुढे विकला गेला. दोघींनी साडूंना बोलावून सल्ला विचारला. साडू म्हणाले, दोन शक्यता आहेत. एक, जीभ गेली. दोन, स्वभाव सुधारला. "दुसरी शंभरात शून्य," असं म्हणून त्यांनी मान हलवली.

बुधवारी मालक आले. गाडीतून एक लाकडी पेटी उतरवून त्यांनी टेबलावर ठेवली. आत पाच डबे, पांढरे कप, झाकणाच्या किटल्या आणि साहेबांचा स्वतःचा चमचा. मालक हात चोळत म्हणाले, "साहेब, मोठा माल आहे. माझ्या इतर लोकांचं एकमत होईना. तुम्ही नुसतं बघा. नाही जमलं तर... आपण काय, घरचेच आहोत."

हे 'नाही जमलं तर' सगळ्यांना ऐकू गेलं. सून पाणी उकळायला गेली आणि तिने रिकामंच पातेलं गॅसवर ठेवलं. साडू आलेलेच होते, त्यांनी खुर्ची ओढून जवळ घेतली आणि बायकोने ती परत लांब केली.

साहेब म्हणाले, "नको. राहू दे."

"पाहा तरी," बायको म्हणाली.

"आणि नसली तर?"

"नसली तर नसली. निदान रोज त्या खिडकीत बसून नाही ना बघणार?"

चहा ओतला. उजेड पाहून मालकांनी टेबल खिडकीकडे सरकवलं. साहेबांनी टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून एका हाताने पोटाशी उशी धरली आणि दुसऱ्या हाताने चमचा उचलला. पिकदाणी नव्हती, सुनेने फरशी पुसायची बादली आणून पायाशी ठेवली. मग तो आवाज झाला. महिनाभर त्या घरात ऐकू न आलेला, पंप सुरू झाल्यासारखा भुरका. साहेबांचा चेहरा कळवळला, उशी आवळली गेली, आणि पिंक बादलीत पडली.

डोळे मिटलेले. दुसरा कप. तिसरा. चौथ्याला ते थबकले, पुन्हा एक घोट ओढला. पाचवा. मग मागे जाऊन पुन्हा दुसरा.

चमचा खाली ठेवला.

"तिसऱ्याला ओल लागलीय. घेऊ नका. चौथा बरा आहे पण फार सुकवलाय, जळका वास येतो." ते थांबले, आणि मालकांकडे तिरक्या नजरेने पाहिलं. "आणि दुसरा न् पाचवा एकच चहा आहे. माझी परीक्षा घेताय होय?"

मालक मोठ्याने हसले आणि त्यांनी साहेबांच्या खांद्यावर थाप मारली. साहेब "अगं आई" म्हणून उशीवर वाकले. बायकोने मालकांना चांगलंच सुनावलं, आणि सुनावता सुनावता ती हसत होती की रडत होती ते नीट दिसेना. साडूंनी खिशातून रुमाल काढला. चष्मा मात्र पुसला नाही.

पेटी भरून मालक गेले. पुढच्या महिन्यापासून सुरुवातीला अर्धा दिवस यायचं ठरलं, तेही डॉक्टर हो म्हणाल्या तर. दार लागलं, आणि सून बादली उचलता उचलता थांबली.

"बाबा, चव कधीपासून येतेय?"

"चहाचं आज कळलं."

"चहाचं नाही. बाकीचं."

साहेबांनी उशी जरा वर घेतली. "थोडं थोडं... रविवारपासून असेल."

"रविवारपासून," सून म्हणाली. "सूप सोमवारी होतं."

बायको खुर्चीत बसली. ही बसली, तेव्हा साहेबांना पळायला जागा उरली नाही, आणि नळी असल्यामुळे पळताही आलं नसतं.

"छान म्हणालात तुम्ही," सून म्हणाली.

"म्हणालो."

"चव येत असताना?"

"मला खात्री नव्हती. सूपावरून कसली खात्री करायची? चहा असता तर गोष्ट वेगळी."

"पण छान का म्हणालात?"

"नाहीतर तू रडली असतीस."

"मी छान ऐकूनच रडले! आई साक्षीला आहेत. ओट्याशी उभी राहून रडले मी, की गेली, बाबांची जीभ खरंच गेली!"

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवून साक्ष दिली. आपल्या एका चांगल्या शब्दाने घरात रडारड व्हावी, हे त्यांना नवीन होतं. ते उशीची शिवण चाचपू लागले.

"मग आता सांगू का खरं?"

"सांगा."

"मीठ नव्हतं."

"अजून?"

"गाजर कच्चं होतं. वाटीत टाकलं असतं तर वाजलं असतं."

"अजून?" सुनेचा चेहरा उजळत चालला होता.

"आणि सूप पातळ की दाट, हे त्याचं त्यालाच ठरवता आलेलं नव्हतं."

सुनेने बादली तिथेच ठेवली आणि फोन घेऊन आत धावली. तिचा आवाज सगळ्या घरात ऐकू येत होता. "अरे, ऐक ना, बाबांची जीभ आली! हो, हो, खरंच! माझ्या सूपाला नावं ठेवली त्यांनी. गाजर कच्चं म्हणाले, मीठ नाही म्हणाले..." पलीकडे मुलगा काय बोलला ते कळलं नाही, पण सून हसताना मध्येच तिचा आवाज चिरकला.

साहेबांनी बाहेरून मान उंचावली आणि, पोट सांभाळून जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडून, म्हणाले, "मिरी जास्त होती, तेही सांग!"

"ऐकलंस?" सून आत म्हणाली. "मिरीसुद्धा!"